न किडलेली माफी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं लोक म्हणतात. हादोंगकरणीचं म्हणणं, हे ज्यानं कोणी सांगितलं त्याच्या घरच्या त्वेंजांगला, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याला, भर पंगतीत कोणी नाव ठेवलेलं नसणार.

झालं होतं ते एवढंच. कोरियातल्या चिंजू शहरात, त्यांच्या जुन्या पाच मजली वसाहतीत म्हाताऱ्यांचं एक विरंगुळा केंद्र आहे. खालून तापवलेली जमीन, भिंतीला रक्तदाबाचं यंत्र आणि कोपऱ्यात कधीच न संपणारा पत्त्यांचा डाव. दर गुरुवारी तिथं सगळे एकत्र जेवतात आणि गुरुवारचा रस्सा हादोंगकरणीच्या त्वेंजांगचा, हा तिथला कायदा. सोयाबीन शिजवायचं, कुटायचं, ढेपा बांधून टांगायच्या, मग मिठाच्या पाण्यात बुडवून गच्चीवरच्या रांजणात मुरवायचं. हे सगळं हातानं करून अख्ख्या पंगतीला पुरवणारी बाई वसाहतीत एकच उरलीय, असं लोक म्हणत. लोक विसरले तर हादोंगकरीण स्वतः म्हणे.

तर त्या गुरुवारी दोन मजले खाली राहणाऱ्या योसूकरणीनं चमचा तोंडात घातला, डोळे मोठ्ठे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"अगं बाई! हे तर डब्यातलं!"

चमचे थांबले. अकरा माणसं पानावर होती. पत्तेवाल्यांनी मान वर केली नाही, पण पत्ता टाकायचं विसरले. ज्या विरंगुळा केंद्रात माणूस मेल्याची बातमीसुद्धा दुसऱ्यांदा सांगावी लागते, तिथं 'डब्यातलं', म्हणजे दुकानातून विकत आणलेलं, ही चार अक्षरं एका दमात सगळ्यांना कळली.

"काय म्हणालीस?" हादोंगकरणीनं विचारलं.

योसूकरणीनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढला आणि रश्शात बघत म्हणाली, "काही नाही."

"काही नाही कसं? माफी माग."

"जीभ माझी, चव माझी. माफी कसली?"

हादोंगकरीण उठली. गुडघ्यामुळे उठायला तिला दोन टप्पे लागतात, आणि रागानं उठताना मध्ये थांबावं लागलं की रागाची शोभा जाते. तरी ती उठली, आपलं पातेलं रश्शासकट उचललं आणि घरी आली. मागं अकरा जण कोरडा भात घेऊन बसले.

घरी मुलगा थे-ह्वान होता. वय पन्नास, नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून. आयुष्यात त्यानं कोणाशी वाद घातला नव्हता, आणि आईच्या मते म्हणूनच अजून कारकून होता.

"वकील बघ," ती म्हणाली.

"आई, रश्शावरून?"

"रश्शावरून नाही. अब्रूवरून. रस्सा आत होता एवढंच."

थे-ह्वाननं बायकोकडे पाहिलं. सून से-रन भांडी पुसत होती. तिनं एक वाटी गरजेपेक्षा जास्त वेळ पुसली. सासूला ते खटकलं, कारण से-रनला गप्प बसायचं असलं की ती काहीतरी पुसत बसते.

वकिलापेक्षा बरं म्हणून थे-ह्वाननं दुसऱ्या दिवशी आपल्या टॅबवर एक प्रोग्रॅम आणून दिला. नाव लांबलचक होतं, अर्थ एवढाच, 'भांडण्याआधी बघा'. आपलं भांडण त्याला सांगायचं, मग देशातल्या कोर्टांनी तसल्या भांडणांवर आजवर काय निकाल दिले ते तो शोधून समोर मांडतो. जिंकाल की हराल याचा अंदाज देतो, नोटीससुद्धा लिहून देतो. पहिले सात दिवस फुकट.

"आणि आठव्या दिवशी?"

"तोवर तुझा राग गेला असेल," थे-ह्वान म्हणाला. याला आईची ओळख पन्नास वर्षांत झाली नाही म्हणायची.

हादोंगकरीण तिसरीपर्यंत शिकलेली. वाचता येतं, पण बारीक अक्षर म्हणजे तिच्या लेखी सरकारनं मुद्दाम लपवलेलं अक्षर. पण या टॅबला तोंडी सांगितलं तरी तो लिहून घेत होता. ती त्याच्यासमोर ताठ बसली, केसांवरून हात फिरवला आणि सुरुवातीपासून सांगू लागली. सुरुवात म्हणजे तिचं लग्न. सासूनं पहिल्याच हिवाळ्यात ढेपा कशा बांधायला लावल्या, नणंद कशी नुसती बसून होती, रांजण बैलगाडीतून कसा आणला. पाऊण तास झाला तेव्हा टॅबवर अक्षरं आली.

"काय म्हणतोय?"

से-रननं वाचलं. "'मजकूर फार मोठा आहे. कृपया वाद थोडक्यात सांगा.'"

"पाहिलंस? याच्याही घरी कोणी ऐकून घेत नसणार याचं."

शेवटी से-रननं दोन ओळी घातल्या आणि निकालांची रांग लागली. वाचताना हादोंगकरणीच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्या निकालात बघावं त्यात 'ए' नावाची एक बाई होती. एका निकालात ए-बाईनं शेजाऱ्याला कुत्रा म्हटलं. दुसऱ्यात ए-बाईनं सोसायटीच्या अध्यक्षाची भिंतीवर निंदा लिहिली. तिसऱ्यात ए-बाईचा घटस्फोट झाला, आणि खरं सांगायचं तर तो व्हायलाच हवा होता.

"ही ए कोण गं? पुसानमध्ये भांडते, ग्वांगजूत भांडते. हिला घरात काम नाही का?"

"आई, कोर्ट खरी नावं झाकून ठेवतं. तिथं अक्षरं टाकतात. प्रत्येक ए वेगळी."

"वेगळी कशी? स्वभाव तर एकच आहे."

पुढं दोन दिवस ती ए-बाईवर चिडलेलीच होती. रोज उठून कोर्टात जाणाऱ्या बायकांमुळेच अब्रूदार माणसाची तक्रार मागं पडते, असं तिनं जिन्यात भेटेल त्याला सांगितलं.

शनिवारी घरात कोणी नव्हतं, आणि तिनं स्वतः एकटीनं शोध घ्यायचं ठरवलं. तिला हवी होती माफी. योसूकरणीला तुरुंगात टाकायचं तिच्या मनात नव्हतं. तुरुंगात गेलेली बाई गुरुवारी पंगतीला येत नाही, मग ऐकवायचं कोणाला? अकरा जणांसमोर गेलेली अब्रू अकरा जणांसमोरच परत यायला हवी, एवढीच तिची मागणी. म्हणून ती टॅबच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "साग्वा!"

आता कोरियन भाषेत माफीलाही साग्वा म्हणतात आणि सफरचंदालाही साग्वाच. माणसामाणसांत घोटाळा होत नाही, कारण माफी मागणारा मान खाली घालतो आणि सफरचंद विकणारा ओरडतो. टॅबला मान दिसत नाही. हादोंगकरीण तर ओरडली होती.

टॅबनं सफरचंदांचे निकाल काढले. शेकड्यांनी काढले. गारपिटीनं डागाळलेली सफरचंदं, वेळेवर न पोचलेली सफरचंदं, वर मोठी रचून खाली बारीक भरलेल्या पेट्या, शेजाऱ्याच्या अंगणात पडलेल्या फळावर हक्क कोणाचा, वहिवाटीनं बाग कोणाची होते. हादोंगकरणीला वाटलं, कायदा माफीच्या मुद्द्यावर आडवळणानं येत असेल. मोठी माणसं कुठली गोष्ट सरळ सांगतात? ती भिंग घेऊन दोन दिवस वाचत राहिली. रविवारी केंद्राबाहेरच्या बाकावर तिनं म्हाताऱ्यांना सांगितलं, पेटी घरात घेतल्या घेतल्या उघडून बघावी, नंतर किडा दाखवला तर कोर्ट ऐकत नाही.

"कशात किडा?"

"साग्वेत."

म्हातारे गंभीरपणे मान हलवत घरी गेले. माफीतसुद्धा किडा असतो, हे त्यांना पटलं होतं. लग्न झालेली माणसं होती सगळी.

त्यातलेच एक बोंग-आजोबा. हे टपालखात्यातून निवृत्त झालेले. जगातलं कुठलंही दुखणं योग्य पत्रानं बरं होतं, यावर त्यांची श्रद्धा.

"कोर्टात नंतर जा," ते म्हणाले. "आधी नोटीस. टपालखात्याच्या साक्षीची. तीन प्रती. एक तिला, एक तुला, एक खात्याला. म्हणजे उद्या ती 'मला असं लिहिलंच नव्हतं' म्हणू शकत नाही."

"ती म्हणेल. तिचं माहेर योसू आहे."

"म्हणून तर तीन प्रती."

टॅबनं नोटीस लिहून दिली. सोमवारी थे-ह्वान ऑफिसात, से-रन कामावर, म्हणून हादोंगकरणीनं फक्त मोठी अक्षरं वाचली. त्यात 'साग्वा' होतं, 'सात दिवसांच्या आत' होतं, 'अन्यथा कायदेशीर कारवाई' होतं. तिला ती सुंदर वाटली. खालच्या बारीक अक्षरांत तिनं नाक खुपसलं नाही. छापखान्यात जाऊन तीन प्रती काढल्या आणि बोंग-आजोबांना घेऊन टपाल कचेरीत गेली.

खिडकीतल्या बाईनं प्रती उलटसुलट पाहिल्या. "आजी, यातल्या एका प्रतीवर डाग आहे. तिन्ही हुबेहूब हव्यात."

"डाग नाही, त्वेंजांग आहे. घरचं." हादोंगकरीण 'घरचं' शब्दावर जरा जास्तच जोर देऊन म्हणाली.

"मग तिन्हींवर हवं, नाहीतर एकावरही नको."

बोंग-आजोबांनी खिशातून रुमाल काढून डाग पुसला. तो पसरला. शेवटी नवी प्रत काढून आणली. मग खिडकीतल्या बाईनं बोट ठेवलं. "इथं घेणाऱ्याचं नाव नाही."

"लिहिलंय की. योसूकरीण."

"हे नाव नाही, आजी. कागदपत्रावरचं नाव."

हादोंगकरणीनं बोंग-आजोबांकडे पाहिलं, बोंग-आजोबांनी हादोंगकरणीकडे. इतकी वर्षं ती बाई त्यांच्या वसाहतीत राहतेय. तिच्या मुतखड्याची तारीख सगळ्यांना पाठ, तिच्या मेलेल्या नवऱ्याचे बूट कितव्या मापाचे होते तेही ठाऊक. पण नाव? इकडं बाईला माहेरच्या गावानं ओळखतात, नाहीतर पोरांच्या नावानं. नाव असतं ते दवाखान्यात पुकारायला.

वसाहतीत परत येऊन हादोंगकरीण आपल्या घराच्या दोन मजले खालीच थांबली आणि योसूकरणीची घंटी वाजवली.

"तुझं नाव काय गं?"

"कशाला हवंय?"

"तुझ्यावर कारवाई करायचीय."

योसूकरीण दारात उभी राहून विचार करत होती. "सांगितलं तर हसशील."

"मी आत्ता हसायच्या मनःस्थितीत नाही."

"आन बोक-शिल."

हादोंगकरणीनं ओठ दाबले. बोक-शिल हे त्या मुलखात केसाळ कुत्र्याचं नाव. दर तिसऱ्या अंगणात एक बोक-शिल असते, शेपूट हलवते आणि पोस्टमनला भुंकते.

"हसलीस."

"नाही हसले. खोकला आला. 'शिल' कसं लिहितात?"

"आण इकडं, मीच लिहिते. तू चुकीचं लिहिशील आणि मग दुसऱ्याच कोणाला नोटीस जाईल." तिनं भिंतीला कागद टेकवून तिन्ही प्रतींवर आपलं नाव आपल्या हातानं लिहिलं. तिची अक्षरं गोल होती. हादोंगकरणीला मनातल्या मनात मान्य करावं लागलं, आपल्यापेक्षा बरी होती.

दोन मजल्यांचं अंतर. पण नोटीस शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मंगळवारी योसूकरणीच्या हातात पडली. बुधवारी सकाळी उत्तर आलं, तेही टपालखात्याच्या साक्षीनं, आणि त्याच्यामागून डोक्याएवढी फळं भरलेली एक पेटी. पेटीवर ठळक छापलेलं: साग्वा.

उत्तराचं अक्षर हादोंगकरणीनं ओळखलं. बोंग-आजोबांचं. ते दोन्ही बाजूंना पत्रांची मदत करत होते. पुढं तिनं याचा जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "टपालखातं बाजू घेत नसतं."

से-रननं उत्तर वाचून दाखवलं. "'आपल्याकडून मी कधीही सफरचंदं उसनी घेतलेली नाहीत. तरीही शेजारधर्म म्हणून दहा किलोची एक पेटी, ताजी, उत्तम प्रतीची आणि न किडलेली, आपल्या मागणीप्रमाणे पाठवत आहे. साग्वा मिळाली अशी पोच सही करून द्यावी आणि हे प्रकरण मिटवावं.'"

"माझ्या मागणीप्रमाणे?"

से-रननं नोटिशीची प्रत शोधली आणि बारीक अक्षरं वाचली. वाचता वाचता तिचा आवाज कापायला लागला, आणि तो दुःखानं कापत नव्हता. "'...तरी आपण सात दिवसांच्या आत साग्वा द्यावी. साग्वा ताजी, डागविरहित व न किडलेली असावी. खालच्या थरात बारीक साग्वा आढळल्यास ती ग्राह्य धरली जाणार नाही.'"

सून स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून हसली. नळाच्या आवाजात हसणं लपतं, हे सासूनंच तिला एकदा शिकवलं होतं, दुसऱ्या कोणाच्या बाबतीत.

दुपारपर्यंत बातमी केंद्रात पोचली आणि वसाहतीत उभी फूट पडली. एका बाजूचं म्हणणं, योसूकरणीनं साग्वा पाठवली म्हणजे साग्वा मागितली, आता हिनं मोठ्या मनानं सही करावी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, फळ म्हणजे फळ, माफीला तोंड लागतं. केंद्राच्या अध्यक्षांनी दोन्ही बाजूंचं ऐकून निकाल राखून ठेवला आणि नमुना म्हणून एक सफरचंद मागवलं.

"कोणी हात लावायचा नाही!" हादोंगकरीण पेटीपुढं उभी राहिली. "हा पुरावा आहे."

पेटी दारातच राहिली. घरातले सगळे तिच्यावरून पाय टाकून जा-ये करत होते. संध्याकाळी थे-ह्वान ऑफिसातून आला, वाकून एक उचललं आणि कचकन चावलं.

"मेल्या! पुरावा खाल्लास!"

"आई, मला वाटलं..."

"तुला वाटतं तेव्हाच घर बुडतं. आता माफी स्वीकारल्यासारखं झालं!" तिनं टॅबला विचारलं, समोरच्यानं पाठवलेली साग्वा घरातल्या माणसानं अर्धी खाल्ली तर काय. टॅबनं सांगितलं, हुबेहूब असा निकाल सापडत नाही. तिला त्यातही थोडा अभिमान वाटला. आपलं भांडण देशात पहिलंच होतं.

मग से-रननं टॅब स्वतःकडे ओढला आणि नीट, फळ वगळून, विचारलं. उत्तर आलं ते तिनं जरा हळूच वाचलं. "आई, कोर्ट भरपाई देऊ शकतं. पण कोणाला माफी मागायला लावू शकत नाही. मनात नसताना 'चुकलं' म्हणायला लावणं हे त्या माणसाच्या मनावर जबरदस्ती आहे, असं म्हणतात."

"मग कोर्ट कशाला ठेवलंय?"



"पण एक रस्ता आहे," से-रन पुढं वाचत म्हणाली. वाचायला नको होतं, असं तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. "बदनामीची तक्रार. ती केली की पोलीस तिला बोलावतील. लोक घाबरून आपणहून माफी मागतात म्हणे."

"कर."

गुरुवार उजाडला, टॅबच्या फुकट दिवसांतला सातवा. हादोंगकरीण केंद्रात गेली नाही. खाली लोक काय जेवत असतील या विचारानं तिला भूक लागली नाही. से-रननं त्या दिवशी रजा घेतली होती. टॅबवर तक्रारीचा अर्ज पानापानानं भरत होता. नाव, पत्ता, साक्षीदार अकरा, ठिकाण, वेळ. मग एका पानावर तो अडला. दोन चौकोन होते.

"'समोरच्या व्यक्तीचं विधान,'" से-रननं वाचलं, "'खरं होतं, की खोटं होतं?'"

हादोंगकरणीनं भिंग पुसलं.

"यापैकी एक निवडावं लागतं, आई. त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"दोन्ही नको."

"दोन्ही चालतं खरं. आपल्या कायद्यात खरं बोलूनही बदनामी होते. खोटं बोललं तर शिक्षा जास्त, एवढंच. पण निवडावं लागतं."

"खोटं," हादोंगकरीण म्हणाली. से-रननं बोट टेकवलं. लगेच टॅबनं मागणी केली: पदार्थाच्या तपासणीचा अहवाल जोडा. रांजणातला नमुना, सीलबंद.

"पुसून टाक. चहा कर मला."

से-रन गेली. हादोंगकरीण एकटी उरली, समोर दोन चौकोन.

आता खरं काय ते सांगायला हवं, कारण लपवून उपयोग नाही, तुम्हाला एव्हाना वास आलाच असेल. गेल्या वसंतात तिचा गुडघा सुजला होता. ऊन पडलं की गच्चीवर जाऊन रांजणाचं झाकण काढायचं, ढग आले की लावायचं, हे जिने चढून रोज कोण करणार? कोणाला सांगितलं असतं तर 'हादोंगकरणीनं हात टेकले' असं झालं असतं. रांजणातलं वरचं अर्धं बुरसलं. ते तिनं खरवडून फेकलं आणि उरलेल्यात दुकानातले दोन डबे कालवले. हातानं कालवले, हे तिनं स्वतःला बजावलं होतं. हातानं.

तिनं दाराकडे पाहिलं आणि 'खरं'वर बोट टेकवलं.

टॅब खूश झाला. तुमची बाजू भक्कम आहे, असं हिरव्या अक्षरांत आलं, आणि खाली तक्रारीचं पहिलं वाक्य तयार होऊन आलं. मोठ्या अक्षरांत होतं, तिला सगळं वाचता आलं, स्वतःचं कागदपत्रावरचं नावसुद्धा. 'तक्रारदार प्यो गिल-ये यांनी डब्यातील त्वेंजांग वापरले होते, ही वस्तुस्थिती समोरच्या व्यक्तीने अकरा जणांसमोर उघड केली.'

तिनं टॅब उशीखाली घातला आणि वर बसली.

से-रन चहा घेऊन आली. उशी बघितली, सासू बघितली. "आई," ती म्हणाली, "ते दोन डबे कचऱ्यात मीच टाकले होते. धुऊन, लेबल काढून. तुम्ही टाकले होते तसेच ठेवले असते तर कोणीतरी पाहिले असते."

"कधी?"

"वसंतात."

"आणि तेव्हापासून गप्प आहेस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

हादोंगकरणीनं चहा घेतला. तो गार झाला तरी सोडला नाही.  शेवटी ती म्हणाली, "लेबल चांगलं निघतं का गं?" आणि उठून, दोन टप्प्यांत, दाराकडे गेली.

योसूकरणीचं दार उघडंच होतं. आत जेवण चाललं होतं, एकटीचं. योसूकरीणही आज पंगतीला गेली नव्हती. हादोंगकरणीला हाक मारायची होती, पण हाक तोंडातच राहिली, कारण वास आला. उकळत्या रश्शाचा वास. तो वास ती झोपेतही ओळखेल. वसंतापासून रोज तिच्या स्वतःच्या चुलीवरून येत होता.

योसूकरीण धडपडत उठून ओट्यापुढं उभी राहिली.

"सरक," हादोंगकरीण म्हणाली.

"नाही सरकत."

"अगं सरक."

योसूकरीण सरकली. ओट्यावर डबा होता, निळ्या झाकणाचा, हुबेहूब हादोंगकरणीच्या डब्यांसारखा, उघडा, चमचा आत.

"आणि गच्चीवरचे तुझे चार रांजण?"

"दोनांत पाणी आहे. वाऱ्यानं पडू नयेत म्हणून. एकात तांदूळ." योसूकरणीनं खाली पाहिलं. "एकात ह्यांचे बूट. एका माणसासाठी कोण ढेपा बांधत बसतं गं?"

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक म्हणतात ते काही उगाच नाही. हादोंगकरणीला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि आधी कोणाला वाट द्यावी ते कळत नव्हतं.

"मग भर पंगतीत का बोललीस, मेले?"

"मुद्दाम नाही बोलले! आनंदानं निघालं तोंडातून. इतकी वर्षं मला वाटायचं, रांजण मिरवून डबा खाणारी सगळ्या वसाहतीत मी एकटीच पापी. तुझा रस्सा तोंडात घातला आणि वाटलं, अगं बाई, ही पण! मिठीच मारणार होते. तेवढ्यात तू डोळे वटारलेस. पुढं काय सांगणार? चव मला कशी कळली, म्हणून कोणी विचारलं असतं तर?"

"पण मग माफी मागून मोकळं व्हायचं."

"मी खरं बोलले होते. खऱ्याची माफी कशी मागायची?"

ही अडचण हादोंगकरणीला एव्हाना पूर्ण ठाऊक होती. कोर्टसुद्धा तिथंच अडलं होतं. ती खुर्चीवर बसली. योसूकरणीनं न विचारता दुसरी वाटी मांडली. दोघी जेवल्या. रस्सा चांगला झाला होता, आणि त्याबद्दल कौतुक कोणाचं करायचं ते दोघींनाही कळेना.

वाटी संपवून हादोंगकरीण म्हणाली, "तरी माफी हवीच."

"आता?"

"आता तर हवीच. अकरा जणांना वाटतंय मी डबा वापरते."

"वापरतेस."

"म्हणून तर!"

पुढच्या गुरुवारी योसूकरीण पंगतीत उभी राहिली. हात पुढं जुळवले, कमरेत वाकली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "त्या दिवशी माझी जीभ चुकली. हादोंगकरणीचं त्वेंजांग घरचंच आहे. मला माफ कर." बोंग-आजोबांनी ते वहीत उतरवून घेतलं. कोणीतरी डोळे पुसले. हादोंगकरणीला हवी होती ती माफी मिळाली, अकरा साक्षीदारांसमोर, आणि ती तोंडभर खोटी होती. तरी छातीत गार वाटलं. तेवढ्यात तिला राहवलं नाही आणि ती मोठेपणानं म्हणाली, "असू दे गं. चव ओळखणं सगळ्यांना कुठं जमतं?"

योसूकरणीनं सरळ होता होता तिच्याकडे एक नजर टाकली.

"योसूकरणीच्याही गच्चीत चार रांजण आहेत की!" अध्यक्षांना एकदम सुचलं. "मग पुढच्या गुरुवारी दोघींचंही त्वेंजांग होऊ द्या. दोन पातेली. आम्ही चव घेऊन सांगतो, हादोंग सरस की योसू!"

टाळ्या पडल्या. पत्तेवाल्यांनीसुद्धा पत्ते खाली ठेवले.

शुक्रवारी दुपारी दोघी एकाच बसनं मोठ्या दुकानात गेल्या. बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसल्या, कोणी पाहिलं तर. दुकानात मात्र त्वेंजांगच्या फळीपुढं खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

"दोघींची चव एकच लागली तर संपलंच," योसूकरीण कुजबुजली. "एकीनं डबा बदलायला हवा. तू हिरव्या झाकणाचा घे."

"मी का? निळा माझा. माफी माझी मागितलीय, तुझी नाही."

"आणि मी निळा चौदा वर्षं खातेय. चौदा! तू वसंतातली. माझी वहिवाट आहे त्याच्यावर."

हादोंगकरणीनं फळीवरचा शेवटचा निळा डबा उचलून छातीशी धरला. सात दिवस भिंग लावून वाचलेलं काही वाया गेलं नव्हतं.

"वहिवाटीला वीस लागतात," ती म्हणाली. "सहा वर्षांनी ये."